‘कार्ड द्या की साहेब’ इंग्रजीत कसं म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीतल्या १४ छोट्या कारखानदारांची बॅच मिळाली आहे, संध्याकाळी ७ ते ८.३०. सहा आठवड्यांनी ही मंडळी बंगळुरूला इमटेक्स हे यंत्रांचं मोठं प्रदर्शन बघायला जाणार, तिथे जपानी, तैवानी, जर्मन लोक भेटणार. तर नमस्कार-चमत्कार, ओळख करून देणं आणि व्हिजिटिंग कार्डाची देवाणघेवाण कशी शिकवावी, आणि तुम्ही काढलेली ४० वाक्यांची झेरॉक्स पुरेल का?

झेरॉक्स वाटूच नका. ती घडी होऊन खिशात जाते आणि मशीनच्या स्टॉलसमोर उभं राहून कुणी घडी उलगडत नाही. मी कोल्हापुरात १९ वर्षं अशाच बॅचेस घेते. फाउंड्रीवाले, मशीनशॉपवाले, हुपरीचे चांदीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले असे सगळे येऊन गेले. पहिली तीन-चार वर्षं मीही वाक्यंच वाटली, म्हणून सांगते.

या लोकांना इंग्रजी येत नाही असं धरून चालू नका. ड्रॉइंग वाचता येतं, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, कळतो, रिजेक्शनचा ईमेल तर न वाचताच कळतो. अडतं ते माणूस समोर आल्यावर, पहिल्या दोन मिनिटांत. त्याचं मूळ शब्दसंपत्तीत नसून मान देण्याच्या जागेत आहे.

मराठीत मान क्रियापदाच्या शेपटात असतो. ‘कार्ड दे’ आणि ‘कार्ड द्या’ यांत काय तो फरक शेवटच्या अक्षराचा. आता तुमचा विद्यार्थी मनात म्हणतो ‘कार्ड द्या की साहेब’ आणि तोंडातून येतं ‘गिव्ह युवर कार्ड’. ‘द्या’तला मान वाटेतच गळाला, उरला नुसता ‘दे’. त्याला स्वतःला ते कळतही नाही, कारण त्याच्या कानात अजून ‘द्या’च वाजत असतो. मग काहीतरी कमी पडतंय असं वाटून तो भरपाई करतो: ‘सर, गिव्ह युवर कार्ड सर, प्लीज सर.’ एका वाक्यात तीन सर, तरी हुकूम तो हुकूमच.

इंग्रजीत मान वाक्याच्या तोंडाशी येतो. मागणी प्रश्नाच्या रूपात मांडली की झाला आदर: ‘कुड आय हॅव युवर कार्ड?’ एवढी एक गोष्ट पहिल्या तासाला फळ्यावर लिहा. डावीकडे ‘बसा’, ‘सांगा’, ‘द्या’, ‘थांबा’. उजवीकडे ‘प्लीज हॅव अ सीट’, ‘कुड यू टेल मी’, ‘कुड आय हॅव’, ‘वुड यू माइंड वेटिंग’. ‘अहो-जाहो इंग्रजीत आहे, फक्त शेवटी नाही, सुरुवातीला आहे’ असं म्हटलं की पन्नाशीचा माणूससुद्धा पटकन मान डोलावतो. मी हे व्याकरण म्हणून शिकवायचे तेव्हा कुणी डोलावली नव्हती.

आता ‘हाउ आर यू’. माझ्या एका बॅचमध्ये एक फाउंड्रीवाले काका होते. मी विचारलं, ‘हाउ आर यू?’ त्यांनी प्रामाणिकपणे गुडघा, मग शुगर, मग धाकट्या मुलाचं लग्न जमत नाही इथपर्यंत सांगितलं. इंग्रजीही बरं होतं बरं का. चूक एवढीच, की तो प्रश्न नव्हताच. हे समजवायला इंग्रजांचं उदाहरण देऊ नका, आपलंच द्या. दुपारी एकच्या सुमाराला रस्त्यात कुणी भेटलं की आपण म्हणतो ‘काय, जेवलासा काय?’ समोरचा म्हणतो ‘व्हय व्हय’, आणि दोघं आपापल्या वाटेला. कुणी ‘नाही’ म्हणालं तरी आपण त्याला घरी नेत नाही. ‘हाउ आर यू’ म्हणजे तेच. ‘फाइन, थँक्स. अँड यू?’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. जाता जाता हेही सांगून टाका, की आपला ‘जेवलात का’ उलट दिशेने नेऊ नका. ‘हॅव यू टेकन युवर लंच?’ असं परक्याला विचारलं तर त्याला वाटतं हा जेवायला बोलावतोय.

‘गुड इव्हनिंग’ भेटताना, ‘गुड नाइट’ निघताना. रात्री आठला वर्गात शिरताना ‘गुड नाइट मॅडम’ म्हणणारा एक तरी निघतोच. पहिल्या भेटीत ‘नाइस टू मीट यू’, दुसऱ्या दिवशी त्याच स्टॉलवर परत गेलात तर ‘नाइस टू सी यू अगेन’. ‘हाउ डू यू डू’ जुना झाला, फक्त कुणी म्हटलाच तर उत्तरही ‘हाउ डू यू डू’ हेच, एवढं कानावर घाला. यावर १० मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

एक गोष्ट मात्र मला विद्यार्थ्यांनीच शिकवली. आपल्याकडचे नमस्कार बोलके असतात. राम राम, जय भीम, सलाम, जय शिवराय, राम कृष्ण हरी. तोंड उघडलं की माणूस कुठून आला ते निम्मं कळतं. एक पोरगा मला म्हणाला होता, ‘मॅडम, गुड मॉर्निंग मला आवडतं, ते कुणाचंच नाही.’ तेव्हापासून ‘गुड मॉर्निंग कोरडं वाटतं’ अशी तक्रार कुणी केली की मी घाईने होकार देत नाही.

ओळखीकडे वळू. ‘मायसेल्फ संजय पाटील’ तुम्हाला पहिल्या मिनिटात ऐकू येईल. रागावू नका, त्यामागे सभ्यपणाच आहे. थेट ‘आय’ म्हणणं त्यांना उद्धट वाटतं. ‘आय ॲम संजय पाटील’ हे ५० वेळा मोठ्याने म्हणवून घ्या, समजावून काही होत नाही, जिभेला वळणच पडावं लागतं. ‘व्हॉट इज युवर गुड नेम’ हे हिंदीतल्या ‘शुभनाम’चं भाषांतर, ते सोडायला लावा. ‘आय पास्ड आउट इन २००९’ हेही. इंग्लंड-अमेरिकेत पास आउट होणं म्हणजे चक्कर येऊन पडणं.

नावाचा घोळ वेगळा. आपल्या शाळेच्या हजेरीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. बाईचं लग्नानंतर मधलं नाव बदलतं. त्यामुळे ‘फर्स्ट नेम’ विचारलं की काही जण ‘पाटील’ सांगतात, कारण कागदावर तेच फर्स्ट असतं. सरळ सांगा: फर्स्ट नेम म्हणजे आई ज्या नावाने हाक मारते ते. ‘मिस्टर’ आडनावाला लागतो; ‘मिस्टर पाटील’ बरोबर, ‘मिस्टर संजय’ आपल्याकडे चालतं, बाहेर नाही. बाईला मिसेस की मिस याचा अंदाज बांधत बसू नये, ‘मिझ’ म्हणावं. जपानी माणसाच्या आडनावानंतर ‘सान’ लावतात, स्वतःच्या नावाला मात्र कधीच लावत नाहीत. आपणही स्वतःला ‘पाटीलसाहेब’ म्हणवत नाही. निदान म्हणवू नये.

आणि नाव सावकाश उच्चारायला शिकवा! स्वतःचं नाव माणूस आयुष्यभर घाईत सांगत आलेला असतो. नाव, अर्धा सेकंद थांबा, आडनाव. मग लगेच दुसरं वाक्य. खरी मेहनत या दुसऱ्या वाक्यावर घ्या. ‘वुई आर इन फाउंड्री लाइन’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला काही धरायला मिळत नाही. ‘वुई मेक कास्ट आयर्न पार्ट्स फॉर पंप्स’ म्हटलं की तो पुढचा प्रश्न विचारतो. प्रत्येकाचं दुसरं वाक्य वेगळं असतं, म्हणून ते झेरॉक्सवर येत नाही. १४ जणांची १४ वाक्यं तुम्ही एकेकाशेजारी बसून बनवा. एक तास जाईल, जाऊ दे.

तिसऱ्या माणसाची ओळख करून देताना आपल्या कानाची एक गंमत आड येते. ‘ही माझी बायको’ डोक्यात असतं, तोंडात येतं ‘ही इज माय वाइफ’. मराठी ‘ही’ बाईची, इंग्रजी ‘ही’ पुरुषाचा. आणि बाईसाठीचा इंग्रजी शब्द म्हणजे आपल्याकडे नाक मुरडण्याचा उद्गार! यावर वर्ग मनसोक्त हसतो, हसू द्या. नंतर सोपी वाट दाखवा: ओळख करून देताना ‘धिस इज’ म्हणा, म्हणजे ‘ही’ आणि ‘शी’ दोन्ही टळतात. आधी मोठ्या माणसाचं किंवा ग्राहकाचं नाव घेऊन त्याच्याकडे बघायचं, मग आपला माणूस पुढे करायचा: ‘मिस्टर तानाका, धिस इज अवर फोरमन.’

आता कार्ड. आपण ज्याला व्हिजिटिंग कार्ड म्हणतो त्याला बाहेर ‘बिझनेस कार्ड’ म्हणतात. व्हिजिटिंग कार्ड हे जुन्या काळी लोकांच्या घरी भेटीला गेल्यावर नोकराच्या हाती ठेवायचं कार्ड. तो शब्द आपल्याकडे टिकला, तिकडे मागे पडला. आपला शब्द म्हटला तरी समजतो, त्यावरून घाबरवू नका.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना आपापली कार्डं काढायला सांगा आणि ती कुठून निघतात ते बघा. मागच्या खिशातल्या पाकिटातून, मोबाइलच्या कव्हरमधून, शर्टाच्या खिशातून पेनाच्या शाईसकट. मग कार्ड वाचा. वर ‘श्री गणेश प्रसन्न’, मालकाच्या नावापुढे ‘प्रोप्रा.’, नावामागे बी. ई. मेक., मोबाइल नंबर तीन, जीएसटी नंबर, आणि कारखाना काय बनवतो ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात. देवाचं चित्र राहू दे, त्यावरून कुणाशी वाद घालू नका, मी एकदा घातला होता. पण काय बनवतो ते पुढे घ्यायला सांगा, आणि नंबर एकच. परदेशी माणसाला फोन लावता यायला हवा असेल तर ०२३१ मधला पहिला शून्य काढून +९१ २३१ असं छापावं लागतं. हे बहुतेकांच्या कार्डावर चुकलेलं असतं.

तोंडी सांगतानाची गडबड याच्याही पुढची. ‘डबल नाइन, ट्रिपल फोर’ अमेरिकन माणसाला उमगत नाही, एकेक आकडा सांगा. ईमेलमधल्या खुणेला आपण सगळे ‘ॲट द रेट’ म्हणतो. तिकडे नुसतं ‘ॲट’. आणि आपल्या व ला इंग्रजीत दोन अक्षरं आहेत, म्हणून वाघ, विश्वास, वैद्य यांनी ‘व्ही फॉर व्हिक्टर’, ‘डब्ल्यू फॉर विस्की’ पाठच करावं. पायलट लोकांच्या यादीतले शब्द आहेत. विस्की म्हटल्यावर वारकरी काका कानाला हात लावतात, त्यांना ‘वॉटर’ द्या.

देण्याघेण्यात जपानची रीत नीट शिकवा. बाकी ठिकाणी ती जास्तीची झाली तरी वाईट दिसत नाही. उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सरळ दिसतील अशी धरून द्यायचं. समोरचा मानाने मोठा असेल तर आपलं कार्ड त्याच्या कार्डापेक्षा जरा खाली. त्याचं घ्यायचं तेही दोन्ही हातांनी, वाचायचं, नाव उच्चारून बघायचं. बैठक असेल तर कार्ड टेबलावर समोर ठेवायचं, माणसं जशी बसलीत तशाच ओळीने. मागच्या खिशात नाही. आखाती देशांतल्या माणसाला डाव्या हाताने देऊ नये. हे आपल्याला सांगावं लागत नाही, प्रसाद आपण उजव्याच हातात घेतो. खरं तर दोन हातांचंही नवं नाही. अक्षता लावलेली लग्नपत्रिका आपण कुणाला एका हाताने देतो का? मी वर्गात एवढंच म्हणते, ‘पत्रिका द्यायला आलाय असं समजा’, आणि हात आपोआप जुळतात.

माझा एक विद्यार्थी ही रीत शिकून गेला, जपानी पाहुणे त्याच्या शेडवर आले, सगळं छान झालं. मग दराची बोलणी निघाली आणि त्याने सवयीने पाहुण्याचंच कार्ड उलटं करून त्यावर किलोचा भाव मांडला, पाहुण्यासमोर. ऑर्डर गेली असं नाही, पण पाहुण्याची नजर त्या पेनावरून हलेना, असं त्याने मला सांगितलं. तेव्हापासून मी वर्गात प्रत्येकाला खिशात छोटी वही ठेवायला लावते. कार्डावर काही लिहायचं असेल तर स्टॉलवरून लांब गेल्यावर.

सरावाचं म्हणाल तर खुर्च्या भिंतीला लावा. बसून हे शिकवता येत नाही. जुन्या लग्नपत्रिका ९१ बाय ५५ मिलिमीटरच्या कापा (जपानी कार्डाचं माप आहे), प्रत्येकाला १० द्या आणि दोन रांगा समोरासमोर उभ्या करा. भेट, नाव, दुसरं वाक्य, कार्ड, मग एक पाऊल डावीकडे, पुढचा माणूस. मोबाइलवर यंत्रांचा आवाज मोठ्याने लावा, कारण प्रदर्शनात शांतता नसते आणि आपली माणसं इंग्रजी बोलताना आवाज खाली आणतात. बॅचमध्ये बायका असतील तर हस्तांदोलनाची सक्ती नको. बाईने हात पुढे केला तर मिळवायचा, नाहीतर नमस्कार. तो आता जगभर कळतो. २०२० च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या मॅक्रॉननी स्पेनच्या राजाराणीला हात जोडूनच नमस्कार केला होता.

निरोपाचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, तिथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्यामुळे माणूस स्टॉलवर सगळं नीट बोलतो, कार्ड देतो-घेतो, आणि पाठ फिरवता फिरवता म्हणतो, ‘ओके सर, आय ॲम कमिंग.’ तो बिचारा जर्मन पंधरा मिनिटं वाट बघतो. ‘इट वॉज नाइस मीटिंग यू’ द्या त्यांना. माझ्या मागच्या बॅचमधल्या एका काकांनी ते पाठ केलं, पण ‘आय ॲम गोइंग’ म्हणायला काही केल्या तयार होईनात. जाऊ दे, म्हटलं. हात जोडून नुसतं ‘थँक यू’ म्हणा आणि ‘येतो’ मनात म्हणा.