परवानगी अडकली तरी हा पावसाळा सोडू नका

"पाऊस तोंडावर आलाय, नमुने घ्यायची परवानगी अडकलीय आणि गाइड म्हणतात पुढच्या वर्षी बघू" हे तुमचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. मुंबईतच एमएस्सी करताना माझं अगदी हेच झालं होतं. कार्यालयाचं नाव घेत नाही. फेब्रुवारीत अर्ज दिला. दर खेपेला नवा कागद: कधी विभागप्रमुखांची सही, कधी नकाशा, कधी तोच अर्ज दुसऱ्या नमुन्यात. मंजुरी आली ऑक्टोबरात, गवत पिवळं पडल्यावर. "वर्षच तर गेलं" असं वर ऐकवलं. तो राग अजून गेलेला नाही.

कारण इव्होल्यूशनरी इकॉलॉजीत, म्हणजे परिसरानुसार सजीव पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलतात याच्या अभ्यासात, गेलेला पावसाळा म्हणजे हातची गेलेली पिढी. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने पॅसिफिकमधल्या गालापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर 1973 पासून फिंच हे छोटे पक्षी मोजले. 1977 च्या दुष्काळात मऊ, बारीक बी संपलं, मोठ्या चोचीचे पक्षी जास्त तगले आणि पुढच्या पिढीची चोच मोठी निघाली. ते एक वर्ष फायलीत अडकलं असतं तर नैसर्गिक निवड झाली हे कळलंच नसतं.

म्हणून माझं ठाम मत: पहिलं काम परवानगीवर टांगू नका. रस्त्याकडेला उगवणारा टाकळा घ्या. पावसाळ्यात फुलं कधी आली ते लिहा, शेंगा वाळल्या की बी जमवा. मुंबईतलं आणि कर्जतकडचं बी एकाच गच्चीवर, एकाच मातीत वाढवा. फरक तिथेही टिकला तर तो आनुवंशिक असण्याची शक्यता धरता येते. नुसत्या रस्त्याकडेच्या मोजमापावरून उत्क्रांती म्हणू नका. थोडं बी दरवर्षी जपून ठेवा. कॅलिफोर्नियात दुष्काळाआधीचं आणि नंतरचं मोहरीवर्गीय बी शेजारीशेजारी वाढवलं, तेव्हा नंतरची रोपं लवकर फुलली. 2007 चा अभ्यास आहे. शहरांचं म्हणाल तर 2022 मध्ये पांढऱ्या क्लोव्हरवर (हिरवळीत उगवणारं एक छोटं रोप) 160 शहरांतून एकत्र काम झालं. या विषयाची पुढची वाट मला शहरांतच दिसते.

अर्थात मी वकील नाही. वन्यजीव आणि जैवविविधता कायद्यांतल्या सध्याच्या तरतुदी स्वतः तपासा, संरक्षित क्षेत्राबाहेरच राहा, जागेच्या मालकाला विचारा. जंगलातल्या नमुन्यांचा अर्जही चालू ठेवा, फक्त प्रत्येक कागदाची पोच घ्या.

आणि बी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मुंबईच्या दमटपणात बुरशी येते. आधी नीट वाळवा, मग कागदी पाकिटात, ओल शोषणारं सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. पाकिटावर जागा आणि तारीख पेन्सिलने लिहा.