कॅमेऱ्याचा विमा : लाटेपासून लोहमार्ग पोलिसांपर्यंत

किनाऱ्यावरच्या छायाचित्रकारांनी विम्याबद्दल पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. कंपनीगणिक अटी बदलतात. म्हणून पैसे भरण्याआधी पॉलिसीचा मसुदा मागवून वाचायचाच, एजंटाच्या तोंडी हमीला क्लेमच्या वेळी कोणी विचारत नाही.

तारकर्लीला शूट चालू असताना लाटेने ट्रायपॉड आडवा केला, कॅमेरा लेन्ससकट खाऱ्या पाण्यात गेला. ‘ऑल रिस्क’, म्हणजे वगळलेली कारणे सोडून कोणतेही अपघाती नुकसान धरणारी, पॉलिसी आहे. आता काय करू? (मालवण)

चालू होतो का ते बघू नका. आधी बॅटरी काढा, मग कार्ड, मग लेन्स सोडवा. खारे पाणी वीज वाहून नेते. बॅटरी आत राहिली तर सर्किटवरचे तांबे आणि कनेक्टर काही तासांतच गंजायला लागतात. पाणी वाळले तरी मीठ आत उरते आणि आपल्या दमट हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून काही साधत नाही, तांदूळ मीठ शोषत नाही, उलट त्याची पूड फटींत जाते. हेअर ड्रायरही नको. बाहेरून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, एवढेच.

ओल्या अवस्थेतले फोटो मोबाइलवर काढा, बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर त्यात दिसू द्या. त्याच दिवशी कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या आणि तीच हकिकत ईमेलनेही पाठवा. सर्व्हेअरने, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला नेमलेल्या माणसाने, पाहण्याआधी कोणालाही कॅमेरा उघडू देऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवायचा असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि ती लवकर मिळवा, कारण खरी गोम पुढे आहे. सेंटरच्या अहवालात नुसते ‘गंज’ एवढेच लिहून आले की कंपनी नकार देऊ शकते. गंज, बुरशी, झीज हे हळूहळू होणारे नुकसान जवळपास प्रत्येक पॉलिसीतून वगळलेले असते. महिनाभर कॅमेरा कपाटात पडून राहिला तर अपघाताचे नुकसान आणि गंज यांत फरक करणे तंत्रज्ञालाही अवघड जाते. म्हणून दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर कारण आणि तारीख स्पष्ट लिहून घ्या : अमुक तारखेला समुद्राचे पाणी शिरल्याने झालेले नुकसान.

विमा कंपन्यांची नियामक संस्था ‘आयआरडीएआय’ने २०२४ मध्ये घालून दिलेल्या मुदतींप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो.

पॉलिसी हौशी वापरासाठी घेतली असेल आणि शूट मात्र पैसे घेऊन केलेले असेल, तर मात्र क्लेम अडतो. व्यवसाय करत असाल तर प्रस्तावात तसे लिहा, हप्ता थोडा जास्त गेला तरी चालेल. आणि पुसले गेलेले फोटो, पुन्हा शूट करण्याचा खर्च किंवा गिऱ्हाइकाला परत द्यावे लागलेले पैसे यांतले काहीही या पॉलिसीत सहसा येत नाही.

घराचा विमा आहे. कॅमेरा त्यातच आला ना? (दापोली)

बहुतेक वेळा नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी उदाहरणादाखल बघा. तिच्यात घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे संरक्षण घरातल्या सामानाला आपोआप मिळते. पण ते आग, वीज, वादळ, पूर, दरड अशा ठरलेल्या आपत्तींपुरते. चोरी धरतात ती अशा आपत्तीमुळे, तिच्यानंतर ७ दिवसांत झाली तरच. हर्णैच्या बंदरावर हातातून निसटलेल्या लेन्सशी या पॉलिसीचा काही संबंध नाही. पोटापाण्याचा कॅमेरा घरगुती सामानात धरायलाही कंपनी कां-कू करते.

स्टुडिओ असेल तर दुकानाची पॉलिसी वेगळी घ्या आणि पूर तिच्यात आहे याची खात्री करा. २२ जुलै २०२१ चे चिपळूण डोळ्यांसमोर असताना हा मुद्दा पटवून द्यायला नको. दुकानातल्या घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याची खूण, म्हणजे तुटलेले कुलूप किंवा वाकवलेला गज, लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ही अट उचलून धरली आहे. उघड्या दारातून नेलेला कॅमेरा त्यात बसत नाही.

रेल्वेत बॅग चोरीला गेली तर तक्रार कुठे द्यायची? (कुडाळ)

गाडीतच टीटीईकडे किंवा सोबतच्या पोलिसाकडे एफआयआरचा फॉर्म मागा, नाहीतर उतराल तिथल्या लोहमार्ग पोलिसांकडे जा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवावा लागतो आणि प्रत फुकट मिळते. ‘गहाळ’ असा नुसता दाखला घेऊन परतू नका. चोरी असेल तर चोरीचाच गुन्हा नोंदवा, कारण कशी हरवली हेच सांगता येत नाही अशी वस्तू बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते.

प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर तक्रारीत हवा. बिल सापडत नसेल तर जुन्या मूळ फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये आपोआप लिहितो त्या नोंदीत, बऱ्याच कॅमेऱ्यांचा नंबर असतो. पुढे तपास लागला नाही की पोलीस ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही. क्लेम मिटवताना कंपनी तो कागद मागते, त्यामुळे ठाण्यात मधूनमधून विचारपूस करत राहा.

काशीद-गणपतीपुळ्याला गाडीच्या सीटवर बॅग ठेवून पाण्यात उतरणाऱ्यांसाठी : काचा बंद, गाडी कुलूपबंद आणि बॅग डिकीत, बाहेरून न दिसणारी, अशी अट सहसा असते. फुटलेल्या काचेचा फोटो आणि पंचनाम्याची प्रत ठेवा.

किट सहा लाखांचे आहे, पण हप्ता वाचवायला चार लाखांचा विमा काढला. लहान नुकसान तर पूर्ण मिळेल ना? (रत्नागिरी)

नाही मिळणार. दोन तृतीयांश विमा काढला की प्रत्येक नुकसानीचे दोन तृतीयांशच मिळते. लेन्सच्या दुरुस्तीला ९० हजार आले तर हिशेब ६० हजारांवर येतो आणि त्यातूनही ‘एक्सेस’, म्हणजे आपण सोसायचा ठरलेला वाटा, वजा होतो. तो ५ हजार धरला तर हातात ५५ हजार. रक्कम लिहिताना जुन्या बिलाचा आकडा नको, तशीच नवी वस्तू आज करासकट कितीला पडते तो लिहा. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पॉलिसीत दुरुस्तीला सहसा घसारा, म्हणजे वस्तूच्या जुनेपणाची वजावट, लावत नाहीत, पण वस्तू पूर्ण गेली तर लावतात. यादीत फ्लॅश, ट्रिगर, माइक, गिंबल हेही एकेक करून लिहा. ‘इतर साहित्य’ या शब्दांवर पैसे मिळत नाहीत.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी आली. (अलिबाग)

विमा नाही. आगोटीच्या आधी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शंभरेक रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. कातडी केसमध्ये लेन्स ठेवू नका.

गणपतीत दुसरी बॉडी भाड्याने देतो. ती घेऊन माणूस पसार झाला तर? (गुहागर)

आपणच विश्वासाने हाती दिलेली वस्तू कोणी लांबवली तर विम्याच्या भाषेत ती बहुधा चोरी ठरत नाही, विश्वासघात ठरतो, आणि तो वगळलेला असतो. भाड्याने देत असल्याचे कंपनीला आधी लेखी कळवून तशी सोय मागा. मिळाली नाही तर ओळखपत्राची प्रत, सीरियल नंबर घातलेला करार आणि अनामत यांवरच भिस्त.

ड्रोन याच पॉलिसीत बसवता येईल? (देवगड)

बहुधा वेगळा काढावा लागतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी, विमा सक्तीचा आहे. आपले ड्रोन समुद्रात पडले तर त्यात एक पैसा मिळत नाही.

उशिरा कळवले म्हणून क्लेम नाकारला. पुढे? (वेंगुर्ला)

नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली ते त्यात हवे. वाहनचोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे की एफआयआर ताबडतोब दिला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्यावरून क्लेम नाकारता येत नाही. तक्रारीत तो आधार घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा : ५० लाखांपर्यंतची प्रकरणे, फी नाही, वकील चालत नाही. एकट्याच्या मालकीच्या स्टुडिओलाही तिथे जाता येते. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे.