डिव्हॉट, पिच मार्क आणि ऑफिसातला तो जुना कागद

तुमची अडचण मला समजली ती अशी: नाशकात नुकतंच गोल्फ क्लबचं सदस्यत्व घेतलंय, शॉट मारताना निघालेला प्रत्येक डिव्हॉटचा, म्हणजे उपटलेल्या गवताचा, तुकडा शोधून तुम्ही परत बसवता, ग्रीनवरचे (भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावरचे) खड्डे, म्हणजे बॉल पडून झालेले पिच मार्क, टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खुपसून वर उचलता, पुटरने (ग्रीनवर बॉल ढकलायच्या दांडीने) चोपता, आणि तरी माळी तुमच्याकडे बघून मान हलवतो, सिनियर मंडळी आपापसात कुजबुजतात. ऑफिसात विचारलं तर 'शिष्टाचाराच्या सूचना' असं छापलेला एक झेरॉक्स कागद मिळाला आणि विषय संपला.

हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. तुम्ही निष्काळजी नाही. तुम्ही त्या कागदाप्रमाणे वागताय, एवढाच घोळ आहे.

दुसरा मारत असताना बोलू नये, कोणाच्या लाइनवर (बॉल ते भोक या रेषेवर) पाय ठेवू नये, बॉल वाकडा गेला की 'फोर' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडावं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात वेळ घालवत नाही. आधीच सांगतो, मी काही गवतशास्त्रज्ञ नाही. तुमच्या क्लबचा स्थानिक नियम वेगळा असेल तर तोच पाळा.

पहिल्यांदा तो कागद किती जुना आहे ते तपासा. हरवलेला बॉल शोधायला ५ मिनिटं दिली आहेत का? ग्रीनवरून पुट करताना भोकातली झेंड्याची काठी काढलीच पाहिजे, नाहीतर दंड, असं आहे का? बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे पुट करण्याआधी दुरुस्त करू नका, असं आहे का? तिन्हींपैकी एक जरी 'हो' असेल तर कागद २०१९ च्या आधीचा आहे. १ जानेवारी २०१९ पासून शोधायला ३ मिनिटं, काठी आत ठेवून पुट केलं तरी चालतं, आणि ग्रीनवरचे बुटांचे ओरखडेही नीट करता येतात. एअरेशनची (मातीत हवा जावी म्हणून पाडलेली) भोकं मात्र आजही पुट करण्याआधी बुजवायची नाहीत.

नियम जुने असल्याने एखादा शॉट जातो, त्याचं फार काही नाही. खरा घात करते ती त्याच कागदातली एक ओळ: 'निघालेला गवताचा तुकडा जागेवर परत बसवावा.' ही ओळ थंड हवामानातल्या मैदानांसाठी लिहिलेली आहे. तिकडचं बेंट किंवा राय गवत ओलाव्यात परत जीव धरतं. आपल्याकडच्या फेअरवेवर (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बहुतेक ठिकाणी बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि द्राक्षबागेत जी काढता काढता बागायतदाराच्या नाकी नऊ येतात तीही हीच. हरळी पसरते ती जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या कांड्यांनी. क्लब (बॉल मारायची दांडी) लागून उडालेल्या तुकड्यात या कांड्या तुटलेल्या असतात, तो बहुतेक वेळा पिंजून निघतो आणि नाशिकच्या मार्चनंतरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत वाळतो. वाळलेला तुकडा खड्ड्यावर झाकण होऊन बसतो. खाली ऊन पोचत नाही, बाजूच्या कांड्यांना आत सरकायला जागा राहत नाही, आणि दोन दिवसांनी मोअर (गवत कापायचं यंत्र) आला की तुकडा उडून खड्डा पुन्हा उघडा. मग माळ्याने तिथे मेलेलं गवत वेचायचं आणि पुन्हा वाळू भरायची. तो मान का हलवतो ते आता कळलं असेल.

म्हणून हरळीच्या मैदानावर तुकडा बाजूला टाका आणि वाळू भरा. खड्डा काठोकाठ भरायचा, पायाने हलकेच दाबून सपाट करायचा. ढीग ठेवू नका, कारण वाळूचे खडे मोअरच्या पात्यांची धार खातात. अर्धवटही भरू नका, पुढच्याचा बॉल नेमका त्याच खळग्यात बसतो. उन्हाळ्याच्या उबेत पाणी असेल तेव्हा किंवा पावसाळ्यात हरळी काही आठवड्यांत खड्डा बुजवते. डिसेंबर-जानेवारीत मात्र ती जवळजवळ झोपलेली असते; निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की आपल्या फेअरवेवरचे खड्डेही तसेच पडून राहणार हे धरून चालायचं. त्या दिवसांत विनाकारण सराव-स्विंग मारून गवत उपटू नका, हवेत फिरवा.

अपवाद एकच. तळहाताएवढा किंवा मोठा अखंड तुकडा, खाली मातीचा जाड थर लागलेला, आणि पावसाळ्याची ओल असेल, तर बसवा आणि बुटाने घट्ट दाबा. कधी कधी धरतो.

आता वाळूबद्दल, कारण इथेच ऑफिसं माती खातात. धुतलेली, चाळलेली, साधारण पाव ते एक मिलिमीटर कणांची वाळू हवी. एका क्लबच्या ऑफिसने (कुठल्या ते सांगणार नाही, विचारूही नका) बांधकामावर उरलेली क्रश सँड टीजवळच्या (पहिला फटका मारायच्या जागेजवळच्या) पेट्यांत भरली. क्रश सँडमध्ये दगडाची पूड असते. पाणी पडलं की ती थापल्यासारखी घट्ट बसते, हरळीचं कांडं तिच्यात शिरत नाही, वर मोठे खडे राहतात ते पात्याला लागतात. सदस्य इमानदारीत तीच वाळू भरत राहिले, आणि पावसाळा संपल्यावर फेअरवेभर करड्या रंगाचे कडक ठिपके. एक अख्खा हंगाम त्यात गेला. ऑफिसने काय केलं? परिपत्रक काढलं: 'सदस्यांनी मैदानाची हानी टाळावी, अन्यथा दंड.' वाळू बदला म्हणून लेखी दिलं तर उत्तर आलं, 'सूचना नोंदवली आहे.' अजून नोंदवलेलीच असेल.

वाळू तपासायची तर पारदर्शक बाटलीत मूठभर टाका, पाणी भरा, जोरात हलवून ठेवा. वाळू लगेच तळाला बसते. वरचं पाणी बराच वेळ गढूळ राहिलं तर तिच्यात पूड किंवा माती आहे, ती खड्ड्यात टाकू नका.

आता ग्रीनवरचे पिच मार्क. तुम्ही टी खड्ड्याखाली घालून वर उचलता असं लिहिलंय. कृपा करून ते आजपासून बंद करा. न दुरुस्त केलेल्या खड्ड्यापेक्षा चुकीचा दुरुस्त केलेला खड्डा वाईट. बॉल पडतो तेव्हा मधलं गवत खाली दाबलं जातं आणि काठावरचं बाहेर ढकललं जातं. मुळं बहुतेक शाबूत असतात. खालून उचललं की ती तटकन तुटतात आणि खालची माती वर येते. ग्रीन जेमतेम ३-४ मिलिमीटरवर कापलेलं असतं, म्हणजे सकाळी मोअर फिरला की तो उंचवटा सोलला जातो आणि तपकिरी डाग आठवडेच्या आठवडे राहतो. नीट दुरुस्त केलेला मार्क काही दिवसांत नाहीसा होतो.

पद्धत सोपी आहे. फोर्क (मार्क दुरुस्त करायचा छोटा दातेरी काटा) खड्ड्यात घालायचाच नाही. काठाच्या किंचित बाहेर, तिरका खुपसायचा आणि मूठ आतल्या बाजूला झुकवून काठाचं गवत मध्याकडे ढकलायचं. दांते खालून वर येत असतील तर तुम्ही उचलताय, तिथेच थांबा. असं चारी बाजूंनी, चार-पाच ठिकाणी. मधला भाग बंद झाला की पुटरच्या तळाने दोनदा हलकं दाबायचं, हातोड्यासारखं ठोकायचं नाही. हात फिरवून बघा: खोलगट नको, फुगीर नको. लांब दात्यांपेक्षा आखूड दात्यांचा फोर्क बरा, कारण त्याने उचलायचा मोह होत नाही. टीनेही जमतं, फक्त हीच पद्धत हवी.

मार्क शोधायचा कुठे, हेही कोणी सांगत नाही. बॉल थांबला तिथे तो नसतो. तुम्ही जिथून मारलं त्या रेषेत, बॉलच्या मागे-पुढे काही पावलं बघा. लांबून मारलेला बॉल ग्रीनच्या तोंडाशी पडून पुढे सरकतो, वेजने (उंच मारायच्या क्लबने) मारलेला जवळच थांबतो, कधी मागेही येतो. एप्रिल-मेच्या दुपारी कडक ग्रीनवर खड्डा दिसतच नाही. सकाळी पाणी दिल्यावर किंवा पावसानंतर बोटभर खोल जातो. आपला एक झाला की शेजारचा एक करून टाका, बास. सगळं ग्रीन दुरुस्त करत बसलात तर मागचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे राहतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

कपाच्या, म्हणजे भोकाच्या, काठाबद्दल. काठी आत ठेवून पुट करायची मुभा मिळाल्यापासून काठ जास्त फाटतात. कपाचा व्यास १०८ मिलिमीटर, बॉल ४२.६७. मधोमध काठी असताना बाजूला उरते ती जागा बॉलपेक्षा जेमतेम जास्त. तिथे अख्खा पंजा घुसवला की काठ तुटणारच. आधी काठी सरळ वर काढा, मग बॉल. पुटरच्या डोक्याने बॉल उचकटणारे सिनियर पाहिले असतीलच. त्यांना सांगायला जाऊ नका, तुम्ही तसं करू नका म्हणजे झालं.

बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचं, चटकन सांगतो. बॉलच्या जवळच्या, पण सगळ्यात सखल बाजूने आत जा आणि तिथूनच बाहेर या. चढावरून उतरलात की वाळू तळाला घसरते, चढावर मातीचं अंग उघडं पडतं आणि पुढच्या पावसात ती माती वाळूत मिसळते. दाताळं नुसतं आपल्याकडे ओढू नका. ओढून ओढून सगळी वाळू एका काठाला जमते. थोडं ढकला, थोडं ओढा. दाताळं आत ठेवायचं की बाहेर, हे क्लबने ठरवलेलं असतं.

कार्ट (मैदानावर फिरायची छोटी गाडी) हा वेगळा वैताग आहे. आपल्याकडे जिथे काळी माती आहे तिथे ती ओली झाली की फुगते, चाकाखाली दबते, आणि दबलेल्या मातीत हवाही राहत नाही, मुळंही जात नाहीत. मग ऑक्टोबरच्या उन्हात तिथेच भेगा. साधी चाचणी: टाचेवर भार देऊन दाबा, टाचेभोवती पाणी चमकलं तर कार्ट रस्त्यावरच, मग बोर्ड लागलेला असो वा नसो. कोरडं असेल तर बॉलच्या समोर येईपर्यंत रस्त्याने, तिथून काटकोनात आत आणि तसंच परत. ग्रीनपासून निदान ३० यार्ड दूर. जागच्या जागी गर्रकन वळवू नका, चाकाची कड गवत सोलते. 'कॅडीने चालवली' (कॅडी म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस) हे कारण चालत नाही. त्याला सांगणारे तुम्हीच असता. हेच पिच मार्कचं. 'कॅडी करेल' असं म्हणून ग्रीनवरून निघून जाणाऱ्यांमुळेच निम्मे मार्क तसेच राहतात, कारण कॅडी तेवढ्यात पुढच्या टीवर बॅगा घेऊन गेलेला असतो.

सराव करताना टर्फवरून (गवतावरून) मारत असाल तर खड्डे इकडेतिकडे पाडू नका. पहिल्या डिव्हॉटच्या लगेच मागे पुढचा बॉल ठेवा, म्हणजे एक अरुंद पट्टी होते. शेजारच्या पट्टीआधी चारेक इंच गवत सोडा. दोन्ही बाजूंनी हरळी आत येते आणि पट्टी लवकर भरते. एकाच जागी चौकोन सोलून काढलात तर मध्यापर्यंत कांडी पोचायला फार वेळ लागतो.

एक तब्येतीची सूचना, विषयाशी थेट संबंध नाही. टी दातात धरू नका आणि बॉल थुंकी लावून पुसू नका. मैदानावर बुरशीनाशकं, तणनाशकं फवारलेली असतात. फेरी संपल्यावर मिसळीवर तुटून पडण्याआधी साबणाने हात धुवा. द्राक्षवाल्या नाशिकला फवारणीबद्दल वेगळं सांगायला नको, पण गोल्फवाल्यांना सांगावं लागतं.

आणखी एक: नवीन पाहुण्यांना पत्ता देताना नुसतं 'गोल्फ क्लब' म्हणू नका. रिक्षावाला त्यांना त्र्यंबक रोडला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सोडेल, आणि तुमचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) तिथे जॉगिंग ट्रॅक बघण्यात जाईल.

आता तुम्ही काय करावं. ऑफिसात पुन्हा जाण्याआधी सकाळी लवकर माळ्याला गाठा. ग्रीन कापून झाल्यावर त्याला दहा मिनिटं मोकळी असतात, मधे अडवू नका. त्याला काका किंवा दादा म्हणा, आणि एकच विचारा: 'हा मार्क मी करतो, तुम्ही बघा, चुकलं तर सांगा.' माहिती असूनही आजवर त्याला कोणी विचारलेलं नसतं. पेटीत कुठली वाळू आहे, कुठल्या फेअरवेवर पाणी साचतं, एअरेशन कधी आहे, हे सगळं त्यालाच ठाऊक असतं. एअरेशनची तारीख कळली तर त्या आठवड्यात पाहुण्यांना बोलावू नका, आणि ग्रीनवर वाळू आहे म्हणून तक्रारही करू नका. ती मुद्दाम टाकलेली असते, हाताने झाडू नका.

तरीही ऑफिसला लिहायचंच असेल तर कागद जुना आहे असं मोघम लिहू नका. कुठलं होल, कुठली तारीख, पेटीतल्या वाळूच्या बाटलीचा फोटो, आणि कागदातल्या कुठल्या ओळी २०१९ नंतर बदलल्या, एवढंच. प्रत मैदान समितीला द्या, कारण ऑफिसकडून पोचपावती मिळते आणि वाळू मागवायचा अधिकार बहुधा समितीकडे असतो. पोचपावतीवर शिक्का घ्यायला विसरू नका.