कटिंग मशीनवर फॉन्डंट कापताना

ताई, फॉन्डंट म्हणजे केकवर लावायचं साखरेचं मऊ, लाटता येणारं पीठ. कागद-विनाइल (स्टिकरचं प्लास्टिक) कापलेली मॅट, म्हणजे मशीनमध्ये घालायची चिकट पाटी, आणि ब्लेड खाण्याच्या कामाला अजिबात वापरू नका. मॅटचा गोंद खाण्याजोगा नसतो. ब्लेड नवं, वेगळं ठेवा. मॅटवर फूड-ग्रेड प्लास्टिक शीट बसवून तिला डालड्याचा अगदी पातळ हात फिरवा. ब्लेड शीट कापत नाही ना, हे आधी एका तुकड्यावर पाहा. प्लास्टिकचा कण केकवर जाता कामा नये.

पाव किलो फॉन्डंटमध्ये एक छोटा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंट घट्ट करणारी खाण्याची पावडर) मळून रात्रभर झाकून ठेवा. 1 मिमीपेक्षा जाड लाटू नका. खरी मेख सुकवण्यात आहे. ओला थर ब्लेडसोबत ओढला जातो, कोपरे फाटतात. जास्त सुकला की तडकतो. बोटाला चिकटत नाही, पण कड उचलली की वाकते, तेव्हाच मॅट मशीनमध्ये घाला. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ही वेळ झटकन येते, म्हणून पंखा बंदच ठेवा. पावसाळ्यात जास्त थांबावं लागतं.

वेग सगळ्यात कमी, त्याच रेषेवर दोन फेऱ्या. सुरुवातीला आपल्या चादरीच्या काठाची चौकटीची नक्षी घ्या, सरळ रेषा स्वच्छ निघतात. अक्षरं 2 सेंमीपेक्षा लहान नकोत. दर शीटनंतर ब्लेडच्या टोकाला चिकटलेला फॉन्डंट पुसा.