बोअरच्या पाण्यात फेस टिकतो का?

गेल्या अंकात मी माझ्या सासऱ्यांच्या दाढीबद्दल लिहिलं होतं. पडवीतल्या खुंटीला लटकवलेला आरसा, स्टीलच्या वाटीत गोल साबण, आणि दाढी झाली की गालावरून फिरवलेला तुरटीचा खडा. मी दाढीचा साबण पहिल्यांदा केला तो त्यांच्यासाठी. आज कुडाळजवळ घरामागच्या शेडमध्ये त्याचा छोटा जोडधंदा झाला आहे. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देते.

ताई, मी चाकणला कारखान्यात नोकरी करतो. वर्षभर घरी अंघोळीचे साबण करतोय, मित्रांना आवडतात. आता दाढीचा साबण करून दिवाळीत विकायचा विचार आहे. आठ सुगंध ठरवलेत, डब्यांची ऑर्डर द्यायची आहे. शनिवार-रविवार मोकळा असतो, काम स्वयंपाकघरातच करीन. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

डब्यांची ऑर्डर थांबवा. आठ सुगंधांची यादीही सध्या कपाटात ठेवा. आधी एकच साबण, बिनवासाचा, सलग सहा वेळा अगदी तसाच करून दाखवा. गिऱ्हाईक पहिली डबी वासावर घेईल, पण दुसरी डबी फेसावर घेतं, आणि दुसरी डबी पहिलीपेक्षा वेगळी निघाली तर तिसरी घेतच नाही.

अंघोळीच्या साबणाची सवय इथे थोडी आड येते. तो साबण तुम्ही खोबरेल, पामतेल आणि कॉस्टिक सोड्यावर थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता, करत असणार. दाढीचा फेस मात्र दाट हवा, ओला हवा आणि पाच-सात मिनिटं गालावर टिकायला हवा. ते काम स्टिअरिक आम्ल करतं, म्हणजे तेल-चरबीतून मिळणारं मेणासारखं घट्ट आम्ल. आणि ब्रश फिरवताच साबण सुटावा म्हणून कॉस्टिक सोड्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅश लागतं, कारण पोटॅशचा साबण मऊ असतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. मी ५०० ग्रॅमच्या घाण्याला २५० ग्रॅम स्टिअरिक, १०० ग्रॅम खोबरेल, १०० ग्रॅम कोकम बटर आणि ५० ग्रॅम एरंडेल घेते. खोबरेल याहून वाढवू नका. फेस भसाभस येतो खरा, पण लगेच बसतो आणि कातडी ओढल्यासारखी होते. अल्कलीत, म्हणजे या दोन कॉस्टिकांच्या मिश्रणात, दहापैकी सहा भाग पोटॅश, चार भाग सोडा. नेमकी वजनं प्रत्येक तेलाच्या साबणांकावरून (त्या तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते तो आकडा) काढायची, आणि पाच टक्के तेल मोकळं राहील इतकी अल्कली कमी घ्यायची.

इथेच माझे पहिले दोन घाणे वाया गेले. बाजारात मिळणारं कॉस्टिक पोटॅश शंभर टक्के शुद्ध नसतं. बहुधा ८५ ते ९० टक्के असतं, बाकी मुख्यतः पाणी. हिशेबाने ६० ग्रॅम शुद्ध पोटॅश निघालं आणि तुमच्या बरणीवर ९० टक्के लिहिलेलं असेल, तर तागडीत ६७ ग्रॅम पडायला हवं. मी ६०च टाकत होते. साबण तेलकट राहायचा, फेस चपटा, आणि मी दोष मुठेलाला, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घरगुती तेलाला, देत बसले होते. शिवाय पोटॅश हवेतला ओलावा ओढतं. आमच्याकडे जुलैत झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तरी फ्लेक्सना घाम सुटतो. लहान पाकिटं घ्या, उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. स्टिअरिक घेतानाही दुकानदाराकडून तपासणीचा कागद मागा. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे त्या स्टिअरिकला किती अल्कली लागेल तो आकडा, त्यावर असते आणि मालामालात ती बदलते. स्टिअरिक वनस्पतीजन्य आहे की चरबीचं, हेही लेखी विचारून ठेवा. गिऱ्हाईक नक्की विचारतं.

स्टिअरिक साधारण ७० अंशांना वितळतं आणि अल्कली लागताक्षणी त्याचा साबण होतो. थंड पद्धत इथे चालत नाही. तेलं आणि स्टिअरिक एकत्र ७५-८० अंशांवर वितळवा, मग अल्कलीचं पाणी बारीक धारेने घाला. घालताच पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसं होईल. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. उकळत्या पाण्यावर दुसरं पातेलं ठेवून, झाकण घालून, मंद आचेवर तास-दीड तास शिजू द्या, मधूनमधून ढवळा. गुठळ्या विरतात आणि गोळा चकचकीत, व्हॅसलिनसारखा होतो. मग त्यात पाच-सहा टक्के ग्लिसरीन. वास घालायचा असेल तर अगदी शेवटी, गोळा निवल्यावर.

पातेलं स्टीलचंच हवं. घरातली ॲल्युमिनियमची टोपं आणि हिंदालियमची कढई या कामाला हातात धरायची नाहीत. अल्कली ॲल्युमिनियम खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेणारा. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. डोळ्यांना चष्मा, हातात लांब मोजे, आणि घरात लहान मूल असेल तर ते दुसऱ्या खोलीत, दाराला कडी लावून. हातावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली हात धरा आणि पंधरा-वीस मिनिटं पाणी जाऊ द्या.

आता स्वयंपाकघराचं. स्वतःसाठी, भावासाठी करायला कुणाची हरकत नाही. विकायचं ठरलं की चित्र बदलतं. आपल्या कायद्यात साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे विक्रीसाठी उत्पादन करायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी स्वतंत्र जागा, मांडणीचा नकाशा, आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली तांत्रिक व्यक्ती दाखवावी लागते. घरची ओट्याची जागा त्यात बसत नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्याला दुसरी वाट आहे, लोन लायसन्सची. म्हणजे आधीच परवाना असलेल्या कारखान्याच्या जागेत, त्यांच्या यंत्रांवर, तुमच्या कृतीने तुमचा माल करून घ्यायचा. परवाना तरीही तुमच्या नावाने घ्यावाच लागतो. तुमच्या परिस्थितीत मी ही वाट आधी तपासली असती. आणि या दिवाळीचा नाद सोडला असता. परवान्याशिवाय "फक्त ओळखीत" विकणं हे विकणंच असतं.

पैशाचं एक गणित मात्र डब्या घ्यायच्या आधीच करा. एका दाढीला साधारण एक ग्रॅम साबण लागतो. १०० ग्रॅमची डबी रोज दाढी करणाऱ्याला तीन-साडेतीन महिने पुरते. म्हणजे पक्कं गिऱ्हाईकही वर्षात तीन-चार वेळाच येणार. असे शंभर पक्के लोक जोडलेत तरी वर्षाला तीनशे-चारशे डब्या. माझ्या वहीत गेल्या वर्षी एका डबीमागे कच्चा माल ३८ रुपये आणि डबी, लेबल, खोका मिळून ३४ रुपये आहेत. आठ सुगंध म्हणजे आठ लेबलं, आठ प्रकारचा अडकलेला माल. तीनशे डब्यांच्या धंद्याला ते पेलत नाही. तुमच्या शनिवार-रविवारचे तासही खर्चात धरा. बहुतेक जण धरत नाहीत, आणि वर्षभराने थकून सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांचे साबण चांगले असतात.

ताई, मी यजमानांसाठी दाढीचा साबण केला. पुण्याला बहिणीकडे फेस छान आला, इथे घरी येतच नाही, उलट वाटीत दह्यासारखं काहीतरी तरंगतं. साबण तोच आहे. माझं काय चुकलं?
— एक वाचक, लातूर

तुमचं काही चुकलेलं नाही, तुमच्या घरचं पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. तेच तुमचं दही. जेवढा साबण साक्यात जातो तेवढा फेसाला उरत नाही.

तुमच्या पत्राने मला माझा आवडता विषय दिला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आमच्या विहिरीचं पाणी हलकं. माझा साबण इथे इतका सुंदर फेसाळायचा की मी निर्धास्त होते. जालन्याच्या भाच्याने डबी नेली आणि आठवड्याने फोन केला, "मामी, गालावर नुसतं पाणी." तेव्हापासून प्रत्येक नवी कृती मी सहा-सात नातेवाइकांकडे पाठवते. त्यांनी घरच्या पाण्याने दाढी करायची आणि चार गोष्टी लिहून कळवायच्या: पाणी नळाचं, विहिरीचं की बोअरचं, ब्रश किती वेळ फिरवला, फेस किती मिनिटं टिकला, दाढीनंतर चुरचुरलं का. या कागदांवरून मी जितकी शिकले तितकी कुठल्या व्हिडिओवरून शिकले नाही.

उपाय दोन. कृतीत सायट्रिक आम्ल घाला, तेलांच्या वजनाच्या एक-दीड टक्का. ते अल्कलीशी मिळून सायट्रेट होतं आणि पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. मात्र ते अल्कली खातं, हे विसरू नका. दर १० ग्रॅम सायट्रिक आम्लाला साधारण ६ ग्रॅम कॉस्टिक सोडा जादा लागतो. तो घातला नाही तर साबण परत तेलकट होईल. दुसरा उपाय आजचा आज करता येईल. फेस करायला वाटीभर फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, चेहरा बोअरच्या पाण्याने धुतलात तरी चालेल. लागतं ते दोन-तीन चमचेच.

ताई, कोल्हापूरला आमचं तीन पिढ्यांचं सलून आहे. वडील अजून खुर्चीमागे उभे असतात. मला आमच्या नावाचा साबण काढून इतर सलूनना द्यायचा आहे. त्यात तुरटी आणि हळद घालावी असं वडिलांचं म्हणणं. किती घालू?
— एक वाचक, कोल्हापूर

वडिलांना माझा नमस्कार सांगा. दाढीनंतर ओल्या गालावर तुरटी फिरवण्याची त्यांची पद्धत उत्तम आहे, ती तशीच चालू ठेवा. पण तुरटी साबणात जाऊ देऊ नका. तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाशी मिळून चिकट, न विरघळणारा साका करतं आणि फेस मरतो. त्यांना पटलं नाही तर एका वाटीत साबणाचं पाणी करून त्यात तुरटीचा खडा फिरवून दाखवा. पाणी लगेच फाटेल. खडा वेगळा, कागदात गुंडाळून साबणाबरोबर द्या. जोडीने फार चांगला दिसेल.

हळद अल्कलीत लाल होते, साबण विटकरी पडतो, आणि सलूनचे पांढरे टॉवेल तर विचारूच नका. तीही नको. "आयुर्वेदिक" हा शब्दही लेबलवर घेऊ नका, त्याला वेगळा परवाना लागतो. पुरळ जातं, इसब बरं होतं असं लिहिलंत तर तुमचा साबण औषध ठरतो.

सलूनसाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. वाटीतला गोल साबण तिथे देऊ नका. एकाच्या गालावरचा ब्रश परत त्याच साबणावर फिरतो, आणि पात्याने कुठे ना कुठे बारीक कापलेलं असतंच. पोटॅशचं प्रमाण वाढवून, दहापैकी आठ-नऊ भाग घेऊन, मऊ साबण करा. तो मोठ्या बरणीत भरा, दर गिऱ्हाइकाला स्वच्छ चमच्याने बदामाएवढा काढायचा आणि ब्रश दर वेळी धुतलेला हवा. नवं पातं जसं गिऱ्हाइकासमोर उघडतात, तसा हा चमचाही त्याला दिसला पाहिजे. आणि तुमच्याकडे जे माझ्याकडे नाही ते म्हणजे वडिलांचा हात. रोज वीस-पंचवीस वेगवेगळ्या गालांवर साबण पाहणारा माणूस घरात आहे. पातं अडखळलं की सरकलं, हे ते डोळे मिटून सांगतील. प्रत्येक घाणा आधी त्यांच्या हाती द्या, ते म्हणतील ते वहीत जसंच्या तसं लिहा. मात्र गिऱ्हाइकावर वापरायच्या आधी तो तुमच्या स्वतःच्या गालावर आठवडाभर वापरलेला असावा.

ताई, मुठेल घरचंच काढते. ते साबणात चालेल का? आणि भाऊ पणजीला दुकानात ठेवायला तयार आहे, कुरिअरने पाठवू का?
— एक वाचक, वेंगुर्ला

मुठेल चालेल. कोकमाच्या बियांतल्या या तेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, दाढीच्या साबणाला ते जणू जन्मतःच लागू पडतं. पण बिया कुटून, पाण्यात उकळून, वरचं तेल काढून मुठीत वळलेला गोळा दर वेळी सारखा नसतो. बिया जुन्या असतील तर वास धरतो. वितळवून दुहेरी मलमलच्या कपड्यातून गाळा, वर्षाचं एकदम काढून ठेवा, आणि विक्रीच्या मालासाठी एका प्रयोगशाळेतून त्याचा साबणांक काढून घ्या. मी घरचं मुठेल फक्त घरच्या साबणात घालते, विक्रीच्या साबणात शुद्ध केलेलं कोकम बटर.

पणजी म्हणजे दुसरं राज्य. उलाढाल कितीही लहान असली तरी राज्याबाहेर माल विकायला जीएसटी नोंदणी आधी करावी लागते. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारखा, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन, एवढं हवंच. आणि जून ते सप्टेंबर पाठवू नका. ग्लिसरीनमुळे साबणाला घाम येतो, लेबल सुटतं. मी दिवाळीनंतर घाणे सुरू करते, चार आठवडे फळीवर वाळवते आणि होळीच्या आत वर्षाचा बहुतेक माल बाहेर काढते.