सात वर्षांच्या मुलाला चांद्रमोहिमा आणि अंतराळवीरांचं जगणं कसं समजावून सांगावं? त्यासाठी एखादं किट घ्यावं का?

किट घेऊ नका. थर्माकोलचं रॉकेट, त्यावर तिरंग्याचं स्टिकर, आणि महिनाभरात सगळं माळ्यावर. त्यातून पोराला कळतं एवढंच, की फेविकॉल वाळायला वेळ लागतो.

माझं विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण याच विषयावरून माझा एकदा चारचौघांत पाणउतारा झालाय.

23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांसकट सगळे एका मोबाइलभोवती जमलो होतो. मुलगी तेव्हा सहावीत. टाळ्या संपल्यावर म्हणाली, "पप्पा, पॅराशूट का नाही लावलं?" चंद्रावर हवाच नाही, छत्री फुगणार कशाने? म्हणून उलट्या दिशेला इंजिनं पेटवून ताशी सहा हजार किलोमीटरचा वेग 19 मिनिटांत मारावा लागतो. तिथून तिला नाद लागला.

त्याच डिसेंबरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिने 'अंतराळवीर का तरंगतात' हा प्रयोग मांडला. सामान काय, तर एक लिटरची बाटली, तळाजवळ तापल्या खिळ्याने पाडलेलं भोक, झाकण काढलेलं. पाणी भरून हातात धरली की धार लागते. सोडून दिली की खाली आपटेपर्यंत धार बंद! शटरसमोर स्टुलावर उभं राहून आम्ही वीसेक वेळा टाकली आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिली. पाणी आणि बाटली बरोबरीने पडतायत, मग पाण्याला बाहेर ढकलणार कोण? अंतराळ स्थानकाचंही हेच. ते ताशी 28 हजार किलोमीटरने पुढे पळतं आणि पळता पळता पडत असतं. खाली पृथ्वीही तशीच वळत जाते, म्हणून आपटत नाही. आतली माणसं त्याच्याबरोबर पडतात, आपण त्याला तरंगणं म्हणतो.

परीक्षक आले. पाटी वाचली, प्रयोग बघितला नाही. "बाळ, अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तरंगतात. नीट वाचून येत जा." ती म्हणाली, "सर, मग चंद्राला कोणी धरून ठेवलंय?"

"ते वेगळं असतं."

मी मध्ये तोंड घातलं, तर मला विचारलं, "आपण काय करता?"

"मोटार रिवाइंडिंग."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पहिला नंबर खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीला. दरवर्षी त्यालाच असतो.

तर तुम्ही मुलाच्या हातात एक मोसंबी द्या. सात सेंटीमीटरची मोसंबी म्हणजे पृथ्वी, दोन सेंटीमीटरचं बोर म्हणजे चंद्र. बोर किती लांब ठेवशील ते विचारा. पुस्तकातली चित्रं पाहिलेली पोरं वीतभर अंतरावर ठेवतात. खरं अंतर सरासरी 3,84,400 किलोमीटर, म्हणजे बोर दोन मीटरच्याही थोडं पलीकडे जायला हवं. आणि अंतराळ स्थानक? 400 किलोमीटर. मोसंबीपासून दोन मिलिमीटर! एवढ्या साली-सालीतच गुरुत्वाकर्षण संपतं म्हणणाऱ्याने मोसंबी कधी सोलली नसावी. तिथे जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के ओढ असते, सर. हीच ओढ तिकडे दोन मीटरवरचं बोर सुटू देत नाही.

राहता राहिलं अंतराळवीरांचं जगणं. पोरांना त्यात संडासाबद्दलच विचारायचं असतं, लाजू नका. तिथे पंख्याच्या ओढीवर सगळं आत खेचलं जातं (शेवटी मोटारच!), आणि लघवी शुद्ध करून तेच पाणी परत प्यायलं जातं. पावाचा चुरा उडून यंत्रांत जाईल म्हणून पावाऐवजी पोळीसारखा टॉर्टिया खातात. झोपायची पिशवी भिंतीला बांधतात. हाडं आणि स्नायू टिकावेत म्हणून रोज दोनेक तास व्यायाम. 2025 मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा त्यांनी गाजर हलवा आणि आमरस नेला होता. आमच्याकडे या आमरसावर तासभर गप्पा झाल्या.

हां, माझी मुलगी अकराची होती, तुमचा सातचा आहे. 'पडत राहणं' त्याच्या डोक्यावरून गेलं तर सोडून द्या, मोसंबी आणि संडास पुरे. वजनकाट्यावर 24 किलो भरत असेल तर तोच काटा चंद्रावर 4 दाखवेल, हे सांगा, खूश होईल. कोणी किट भेट दिलंच तर फेकू नका, करू द्या.

बाटलीचं भोक मात्र तुम्ही पाडा. आणि बाटली टाकायची ती अंगणात. आमची एकदा हातातून निसटून आत गेली, एका शेतकऱ्याच्या नुकत्याच भरलेल्या मोटारीच्या वाइंडिंगवर पाणी सांडलं, आणि ती मला पुन्हा भट्टीत वाळवून द्यावी लागली.