टपाचा रंग थांबेल, आधी पॉलिसीचा बॉण्ड वाचा

प्रश्न: मी सोलापूरला राहतो. वय ४१, चादरीच्या कारखान्यात हिशेबनीस आहे, हातात महिना ६२ हजार येतात. पत्नी घर सांभाळते, मुलगी येत्या जूनमध्ये दहा वर्षांची होईल. घरकर्ज २१ लाख बाकी आहे. माझी २०१३ ची मेटॅलिक लाल गाडी ७८ हजार किलोमीटर चाललीय, इंजिन ठणठणीत आहे. पण टप, बॉनेट आणि डिकीवरचं लॅकर सोलून निघतंय. गेल्या वर्षी २२ हजारांचं सिरॅमिक कोटिंग करून घेतलं, तरी थांबलं नाही. आता तोच स्टुडिओ पूर्ण गाडी रंगवायचे ६२ हजार सांगतो, एमआयडीसीतला पेंटर तेवढ्या तीन भागांचे १८ हजार. शोरूमवाले जुनी १ लाख ४० हजारांना घेऊन साडेनऊ लाखांची नवी देतो म्हणतात, सात वर्षांच्या कर्जावर. पैशांची अडचण नाही. मुलीच्या नावाने वर्षाला एक लाखाची पॉलिसी आहे, चार हप्ते भरलेत. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, त्यावर कर्ज मिळेल. बचत खात्यात ९० हजार आहेत, पण ते अडीनडीला ठेवलेत. बॉण्डच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे. काय करू?

उत्तर: १८ हजारवाला पेंटर. गाडीचा प्रश्न खरं तर इथेच संपतो, तरी कारणं सांगतो.

मेटॅलिक रंगात रंगाचा थर खाली असतो आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला तुम्ही लॅकर म्हणता. उन्हातले अतिनील किरण त्याला वर्षानुवर्षं जाळत राहतात. सोलापूरचं ऊन आणि उघड्यावरचं पार्किंग म्हटल्यावर आधी टप आणि बॉनेट जाणारच, कारण ऊन तिथेच सरळ पडतं. एकदा क्लिअर सुटायला लागला की पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक यांपैकी काहीही तो परत चिकटवत नाही. सिरॅमिक कोटिंग क्लिअरच्या वर बसतं. खालचा थर निघाला की त्याच्याबरोबर तेही निघतं. सुटलेल्या क्लिअरवर २२ हजारांचं कोटिंग विकणाऱ्या स्टुडिओला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. आता त्याच माणसाकडे ६२ हजारांचं काम देऊ नका.

पेंटरला सांगा, नुसता वरून क्लिअर मारायचा नाही. सुटलेला सगळा थर घासून काढायचा, जिथे पत्रा दिसतो तिथे गंज साफ करून प्रायमर, मग रंग, मग हार्डनर मिसळलेला क्लिअर, आणि प्रत्येक भाग कडेपासून कडेपर्यंत पूर्ण. अर्ध्या बॉनेटवर ठिगळ लावलं तर त्याची कड पुन्हा उचलते. नवा रंग शेजारच्या दरवाज्यापेक्षा थोडा उठून दिसेल. दिसू दे.

पूर्ण गाडी रंगवून विकताना पैसे वसूल होतील ही आशा सोडा. पावणेदोन-दोन लाखांच्या गाडीवर ६२ हजार घातले म्हणून गिऱ्हाईक अडीच लाख देत नाही. उलट सगळी गाडी नव्याने रंगवलेली दिसली की तो विचारतो, कुठे ठोकली होती? नव्या गाडीचं म्हणाल, तर आठ लाखांचं कर्ज सव्वानऊ टक्क्यांनी सात वर्षं म्हणजे महिना १३ हजार हप्ता आणि जवळपास तीन लाख व्याज. इंजिन ठणठणीत असताना फक्त टपाच्या रंगासाठी? २०२८ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा आरटीओत तपासणी होऊन नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. बदलायची की ठेवायची, ते तेव्हा बघा.

आता तो फोटो. तो पाहून मी गाडी विसरलो.

बॉण्डवर प्रस्तावक म्हणून तुमचं नाव आहे आणि ज्याच्या आयुष्याचा विमा उतरवलाय त्या रकान्यात मुलीचं. विमा रक्कम १० लाख. तुमच्या मृत्यूनंतरचे हप्ते माफ करणारा रायडर, म्हणजे जोड-विमा, त्या पानावर कुठेही नाही. म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं, तर ही पॉलिसी तुमच्या घरी एक रुपयाही देणार नाही. वर पुढचे हप्ते कोण भरणार हा प्रश्न तुमच्या पत्नीसमोर टाकेल. साडेनऊ वर्षांच्या मुलीच्या कमाईवर घर चालत नाही, तुमच्या कमाईवर चालतं. आणि तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या विम्याचा उल्लेखच नाही. २१ लाखांचं कर्ज, एकच पगार, आणि विमा मुलीचा!

परताव्याचंही बघू. दहा वर्षं एक-एक लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २२ लाख, असं त्या पानावर छापलंय. "दुपटीहून जास्त" असं मॅडमनी सांगितलं असणार. पण पैसा सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षं अडकतो, तेव्हा हा परतावा पाच टक्क्यांच्या जरासाच वर पडतो. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी साधारण साडेएकोणतीस लाख झाले असते. शिवाय "मुलीच्या शिक्षणासाठी" घेतलेली ही पॉलिसी पैसे देईल तेव्हा मुलीने पंचविशी ओलांडलेली असेल. कॉलेजची फी अठराव्या वर्षी लागते. आणि आता तिच्यावरच नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज काढून गाडी रंगवायची म्हणता. स्वतःचेच पैसे, पाच टक्क्यांनी ठेवलेले, दहा टक्क्यांनी उसने!

लगेच सरेंडर करायला, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडायला, मात्र धावू नका. चार हप्त्यांनंतर हातात चारपैकी दोनेक लाखच येतील. त्यापेक्षा पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि भरलेल्या पैशांच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम विसाव्या वर्षी. प्रमाणाने ती पावणेनऊ लाखांच्या आसपास बसते, पण काही योजनांत बरीच कमी असते. म्हणून सरेंडर आणि पेड-अप हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, बँकेतल्या मॅडमकडून तोंडी नकोत. पावणेनऊच्या जवळ आकडा आला, तर उरलेले सहा लाख भरून तुम्हाला वरचे सव्वातेरा लाख मिळणार. तेच सहा लाख सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत आजच्या ८.२ टक्क्यांनी त्याच मुदतीत साडेसतराच्या घरात जातात. हा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरा.

पण सुकन्याचं खातं मुलीला दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच उघडता येतं. जून उजाडला की दार बंद. २५० रुपयांत खातं उघडतं. जन्मदाखला घेऊन या आठवड्यात पोस्टात जा. मुलगी अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, बाकीची खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी.

मार्चमध्ये पॉलिसीच्या हप्त्यात जायचा होता तो एक लाख असा वाटा: स्वतःच्या नावावर साठाव्या वर्षापर्यंतचा एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, अंदाजे २२ हजार (सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही). पेंटरला १८ हजार. उरलेले ६० हजार सुकन्यात. पुढच्या वर्षी रंग नाही, म्हणून ७८ हजार. बचत खात्यातल्या ९० हजारांना हात लावू नका, दीड महिन्याच्या पगाराएवढेच आहेत ते. टर्मच्या अर्जात बीपी, साखर, तंबाखू, जे असेल ते खरं लिहा. "परतावा मिळणारा टर्म" असं कोणी पुढे केलं, तर उठून या.

मॅडमविरुद्ध तक्रार करायची असेल तर आधी विमा कंपनीकडे, महिनाभरात समाधान नाही झालं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. चार वर्षांनी, तुमच्याच सहीच्या अर्जावर, पूर्ण पैसे परत मिळतील अशी अपेक्षा धरू नका.

एरवी मी म्हणतो, नवा विमा हातात आल्याशिवाय जुना हप्ता थांबवू नका. तुमच्या बाबतीत तीही अडचण नाही, कारण या पॉलिसीत तुमचा विमा नाहीच. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर दोन्ही आकडे हातात आल्यावर मार्चच्या आधी बँकेला लेखी देऊन ते बंद करा आणि पोच घ्या.